एक, तीन, चार, दोन

गाडीचा डिस्ट्रिब्युटर बदलणं म्हणजे काही डोंगर पोखरणं नव्हे, हे वाक्य त्या आठवड्यात मी घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. मी दातांचा डॉक्टर आहे. माणसाची दाढ मुळासकट उपटून तिथे नवी बसवतो, आणि तेही माणूस जागा असताना. गाडी बिचारी हलत नाही, कण्हत नाही, की ऐन वेळी माझा हात धरत नाही. मग तिचा एक भाग काढून दुसरा बसवायला कसली अक्कल लागते?

मी जरा जास्त बोलतो, हे आधीच सांगून टाकतो. दोष माझा नाही, धंद्याचा आहे. दिवसभर माझ्यासमोर लोक आ वासून पडलेले असतात आणि त्यांच्यातला एकही मला मध्येच तोडू शकत नाही. त्यात दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. दार ओलांडून आत आलं की समोरच्या माणसाचं तोंड आता मोकळं आहे, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागतो. बायको म्हणते, अजून आलेलं नाही.

तर डिस्ट्रिब्युटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही त्याच आठवड्यात कळलं होतं. जुन्या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात आणि प्रत्येकाला आपापल्या पाळीला ठिणगी लागते. ती वाटून देणारा हा डबा. पत्ते वाटणारा गडी चौघांना पानं टाकतो, तसा हा चार वायरींमधून चौघांना ठिणग्या टाकतो. आमच्या गाडीतला हा गडी म्हातारा झाला होता. वाटता वाटता मध्येच डुलकी घ्यायचा आणि गाडी भर रस्त्यात मान टाकायची. नेहमीच्या मेकॅनिकने निदान केलं, नवा डबा आणून दिला, आणि तो कुटुंबासकट सुट्टीवर निघून गेला. परत आल्यावर बसवतो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही निवांत जा, मी आहे ना!

घाई होती त्याला कारण होतं. गाडी माझ्या बाबांची. बाबा गणिताचे शिक्षक, आता निवृत्त. याच गाडीने ते वर्षानुवर्षं शाळेत गेले. डोळ्यांच्या डॉक्टरने गाडी चालवायला मनाई केल्यापासून किल्ली माझ्याकडे आली होती. त्या रविवारी दुपारी चार वाजता जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच शाळेत बाबांचा सत्कार ठेवला होता. बाबा कधी काही मागत नाहीत. त्या दिवशी फक्त म्हणाले, "आपल्या गाडीने जाऊ." एवढंच.

आणि खरं सांगायचं तर मला शाब्बासकी हवी होती. हसू नका. चाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसालाही बापाची शाब्बासकी हवी असते. मी शाळेत बाबांच्याच वर्गात होतो आणि त्या वर्गात मला सोडून बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी शाब्बास मिळाली. गणितात मी कच्चा. पुढे दातांचा डॉक्टर झालो तेव्हा बाबा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बरं झालं. बत्तिसापर्यंत मोजता आलं की भागतं." त्यात शाब्बास होती की नव्हती, यावर मी अजून अधूनमधून विचार करतो.

त्यांची शिकवण्याची एक पद्धत होती. चुकलेल्या मुलाला ते चारचौघांत बोलत नसत. बाकाशेजारून जाता जाता अंगठ्याने चुकीचा आकडा पुसायचे, बरोबर आकडा लिहायचे आणि पुढे सरकायचे. कित्येकदा मुलाला आपण चुकलो होतो हे कळायचंही नाही. गुण मात्र कापलेले असायचे. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, माझ्या दवाखान्यातला दरफलक, सगळं ते गुपचूप सुधारून ठेवायचे.

रविवारी सकाळी मी बाह्या सरसावल्या. मान्य करा, सुरुवात झकास झाली. दाढ काढताना आजूबाजूचं काय कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं असतं, तसं मी केलं. दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणली, तिचे तुकडे केले. इंजिनाच्या ज्या सिलिंडरकडून जी वायर येत होती तिच्यावर त्याचा नंबर टाकला. जुन्या डब्याच्या टोपीवर त्या वायरी ज्या क्रमाने गोल लावलेल्या होत्या तो क्रम बघितला आणि नव्या टोपीच्या चार भोकांवर तेच नंबर चिकटवले. मग जुना डबा काढला, आतला ठिणगी वाटणारा फिरता काटा ज्या दिशेला होता त्याच दिशेला ठेवून नवा बसवला. आता फक्त वायरी टोचायच्या राहिल्या होत्या. नंबर टाकण्याचा मोठा फायदा हा, की पुढे डोकं वापरावं लागत नाही.

तेवढ्यात बायकोने हाक मारली. पेशंट आला होता. नाक्यावर गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, तो एका हाताने गाल धरून आणि दुसऱ्या हाताने दार धरून उभा होता. गाल टम्म. मी हात धुतले, स्वच्छ धुतले, उगाच शंका घेऊ नका, आणि त्याची दाढ काढली. काढताना त्याला डिस्ट्रिब्युटरची सगळी हकिगत सांगितली. तो डोळे विस्फारून ऐकत होता. मग जागेवर कापसाचा बोळा ठेवला आणि बजावलं, दात घट्ट आवळून धरा, मी सांगेपर्यंत बोलायचं नाही, तोंड उघडायचं नाही, बाकावर स्वस्थ बसा.

बाहेर आलो तर बाबा गाडीपाशी उभे. हात मागे बांधलेले, नजर इंजिनावर. मला बघितल्यावर ते जवळ आले आणि त्यांनी चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "होतं असं. मन लावून कर."

मी विरघळलोच. त्या आवाजात इतकी माया होती! वाटलं, आता फक्त गाडी सुरू व्हायची खोटी, शाब्बास ओठांवर येऊन बसलीय. मी भराभर वायरी जुळवल्या. एकावर एक, दोनावर दोन, तिनावर तीन, चारावर चार. बायकोला बाहेर बोलावलं. शेजारीण वाळत घातलेल्या चादरी सारून कुंपणापाशी आली. मी किल्ली फिरवली.

गाडी खोकली. मग शिंकली. मग साऱ्या अंगाने थरथरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकला. बायको म्हणाली, ही सुरू होतेय की हिला औषध द्यायचंय?

त्याच वेळी माझा मेहुणा आला. सत्कारासाठी कडक इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर मारून. मेहुणा विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांचं वजन करतो, त्यामुळे यंत्र या विषयावर आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा असतो. निदान त्याच्या मते तरी असतो. त्याने कोट काढून बायकोच्या हातात दिला आणि ताबा घेतला. बॅटरीची टोकं घासून झाली, फ्यूज काढून फुंकून झाले, प्लग पुसून झाले. नंतर त्याने मला चारही दारं उघडून पुन्हा नीट लावायला सांगितली.

मी विचारलं, दारांचा काय संबंध? तर म्हणाला, "दाजी, दार लागलेलं नसलं तर विमान उडत नाही." मी दारं आपटली. गाडी उडाली नाही आणि सुरूही झाली नाही.

घड्याळ धावत होतं. बाबा खिडकीतून बघत होते आणि दर वेळी गाडी खोकली की हळूच आत सरकत होते. तेव्हा बायकोला आठवलं, की आपल्या बाकावर एक गाड्यांचा माणूस नुसता बसून आहे.

मी कपाळावर हात मारला. सबंध गावात हाताशी असलेला एकच जाणकार, आणि त्याच्या तोंडात मीच बोळा कोंबला होता! बायको म्हणाली, "आधी विचारायचं होतं, मग काढायची होती."

उस्तादला धरून बाहेर आणला. तो जरा डुलतच आला, पण कसलेली माणसं तशीच चालतात. बॉनेटवर हात टेकून तो वाकला. आम्ही श्वास रोखले. त्याने इंजिनाकडे बघितलं, डोळे मिटले, मग एक बोट वर केलं आणि हवेत गोल गोल फिरवलं.

बायकोला वाटलं त्याला पंखा हवाय. मला वाटलं तो स्टिअरिंग फिरवायला सांगतोय. पण मेहुण्याने मांडीवर थाप मारली. म्हणाला, बघितलंत? डबा उलटा बसलाय. अर्धा फेरा फिरवून बसवायचा. मी शंका काढली, की काटा मी बघूनच बसवला होता. उस्तादने पुन्हा डोळे मिटले आणि पुन्हा बोट फिरवलं, या वेळी जरा घाईने. मेहुणा म्हणाला, "डोळे मिटून सांगतोय तो. याला म्हणतात अनुभव."

आम्ही डबा उपसला, अर्धा फेरा फिरवला, बसवला. मी मनात देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

धडाम्!

गाडीच्या मागच्या नळीतून काळा ढग निघाला आणि थेट शेजारणीच्या चादरींवर जाऊन बसला. झाडावरची कबुतरं उठली. मेहुणा बायकोच्या मागे लपला. आणि उस्तादच्या तोंडातला बोळा गोळीसारखा सुटून माझ्या शर्टावर आपटला.

"अहो डॉक्टर," उस्ताद म्हणाला, "मला चक्कर येतेय. मघापासून तेच तर सांगतोय. आणि इंजिनातलं मला काय विचारता? मी पत्रे ठोकतो."

मी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं नाही, कारण लगेच द्यायचं नसतं, आणि नवा बोळा ठेवला. शेजारीण चादरींकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. मेहुणा आपल्या इस्त्रीच्या शर्टावरची काजळी झटकत होता आणि ती आणखी पसरत होती. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि ते लपवायला तोंडावर घ्यायचे हातही स्वच्छ नव्हते.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. तयार होऊन. ठेवणीतला कोट, खिशाला पेन, भांग पाडलेला. ते गाडीच्या पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले, जसे पूर्वी शाळेत निघताना राहायचे. मला ते बघवेना. इतक्या वर्षांत या माणसाने एक गोष्ट मागितली होती, आणि मी तिचा असा धूर करून ठेवला होता. मी जवळ जाऊन पुटपुटलो, की बाबा, मला नाही जमलं. टॅक्सी बोलावतो.

बाबांनी इकडे तिकडे बघितलं, सून जवळ नाही याची खात्री केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. मेहनत केलीस. ते आकडे तेवढे चुकले होते, ते मी मघाशीच नीट करून ठेवले."

"कुठले आकडे?"

"त्या टोपीवरचे. एकानंतर तीन लिहिलं होतंस, मग चार, मग दोन. तू पेशंटकडे गेलास तेव्हा पट्ट्या काढल्या आणि ओळीने लावल्या. एक, दोन, तीन, चार. सुनेसमोर कशाला बोलायचं? चारपर्यंत मोजताना एखाद्याचा गोंधळ होतो कधी."

मी गाडीला टेकलो. आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. म्हणजे सकाळची ती माया, खांद्यावरचा तो हात, ते 'होतं असं', हे सगळं आपल्या डॉक्टर मुलाला अजून चारपर्यंत मोजता येत नाही या दुःखातून आलेलं होतं! आणि मी शहाणा, नंबर टाकलेत म्हणून डोकं बंद करून त्याच नंबरांवर वायरी टोचत बसलो.

"बाबा," मी म्हटलं, "तो क्रम तसाच असतो. एक, तीन, चार, दोन."

"असा कुठला क्रम असतो?"

तो आवाज! मी क्षणात सातवीत गेलो. तळहात आपोआप मागे गेले. पण या वेळी उत्तर मला येत होतं. मी सांगितलं, की चार सिलिंडर एका रांगेत उभे असतात. त्यांनी ओळीने जोर लावला तर इंजिन एका बाजूने हेलपाटत जाईल. चौघांनी जड कपाट हलवायचं तर जोर एकाच कडेपासून ओळीने लावत नाहीत, इकडचा लावतो, तिकडचा लावतो, तोल सांभाळून. तसंच हे.

बाबा बोटांवर मोजत राहिले. एक, तीन, चार, दोन. मग पुन्हा. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे हा क्रम चुकलेला नाही. वेगळा आहे."

"हो."

"मग तू बरोबर होतास."

मी मान हलवली. मला वाटलं, आली, आता आली शाब्बास. पण बाबांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "करून दाखव." गणिताच्या मास्तरला उत्तर पुरत नाही, ताळा लागतो.

पट्ट्या मी त्यांनाच लावायला दिल्या. त्यांनी कोटाची बाही वर करून एकेक पट्टी जागेवर चिकटवली. तीन नंबरची लावताना हात जरा अडखळला, पण लावली. मेहुण्याने फिरवलेला डबा मी मुकाट्याने परत होता तसा बसवला. मेहुणा म्हणाला, मी फक्त शक्यता सांगितली होती. दिवसभर किल्ली फिरवून बॅटरीत जीव उरला नव्हता, म्हणून धक्का मारायचं ठरलं. मागे मेहुणा, बायको आणि शेजारीण. शेजारीण म्हणाली, ही गाडी माझ्या दारासमोरून जात असेल तर मी वाटेल तेवढा धक्का मारते. उस्तादनेही उठायचा प्रयत्न केला, त्याला मी परत बसवला.

गाडी गल्लीच्या उतारावर लागली, एक हिसका बसला, आणि इंजिन बोलायला लागलं. खोकला नाही, शिंक नाही. तान्हं पोर पोट भरल्यावर हुंकार देतं तसा एकसारखा गोड आवाज! मी आत बसून ओरडलो, बायको मागे ओरडली, मेहुण्याने शेजारणीला टाळी दिली आणि तिने ती घेतलीसुद्धा.

बाबा माझ्या शेजारी बसले. मागे बायको आणि काजळीने रंगलेला मेहुणा. आम्ही शाळेत वेळेवर पोचलो, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

सभागृह गच्च भरलेलं होतं. बाबांचे विद्यार्थी म्हणून जी मुलं मला आठवत होती, त्यांच्यातली निम्मी टकली झाली होती. भाषणं झाली, शाल झाली, मग बाबा बोलायला उभे राहिले. बाबा भाषणात कधी घरचं बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"आज सकाळी मी एका विद्यार्थ्याचं बरोबर उत्तर चूक समजून बदललं," ते म्हणाले. "त्याला न सांगता. असं मी तुमच्यापैकी किती जणांचं केलं असेल, हा विचार दुपारपासून डोक्यातून जात नाही."

मागून एक भारदस्त आवाज आला, की सर, माझं एक होतं, नववीत.

"तुझं चूकच होतं," बाबा म्हणाले. "बस खाली."

हशा ओसरल्यावर त्यांनी थेट माझ्याकडे बघितलं. "तो विद्यार्थी माझा मुलगा आहे. पहिल्या रांगेत, काळ्या हातांचा. त्याचं उत्तर बरोबर होतं, आणि आयुष्यात एकदाही मी त्याला जे म्हटलं नाही, ते आज म्हणतो. शाब्बास."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे डोळे भरून आले, छाती फुगली, मी उठून उभा राहिलो, मागे वळून सगळ्यांना नमस्कार केला. बायकोही डोळे पुसत होती. सुख म्हणतात ते हेच, आणखी काय असतं?

"माझं संपलेलं नाही," बाबा म्हणाले, "खाली बस." मी बसलो.

"सकाळपासून या मंडळींनी गाडीतलं सगळं तपासलं. बॅटरी तपासली, फ्यूज तपासले, दारंसुद्धा तपासली. पेट्रोल कोणी तपासलं नाही. चौकात गाडी बंद पडली. तिथून आम्ही चालत आलो." त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि सावकाश खाली ठेवला. "म्हणून शाब्बास कायम, पण अर्धा गुण कापला आहे."

या टाळ्या आधीच्यापेक्षा जास्त वेळ चालल्या. सगळ्यात शेवटी थांबली ती माझी बायको.

आता माझ्याकडे असं बघू नका. वेळेवर पोचलो, असंच म्हणालो होतो मी. गाडीने पोचलो, असं कुठे म्हणालो?